आतड्याच्या अस्तरासाठी पूरकं: काय घ्यावं, किती घ्यावं, कधी थांबावं

गेल्या श्रावणात मावशी रामबागेतून माझ्याकडे आली ती कापडी पिशवी घेऊनच. पिशवीतून एकेक करत तिने सहा डबे टेबलावर मांडले: ग्लुटामाइनची पावडर, कोलॅजेन, झिंकच्या गोळ्या, प्रोबायोटिक कॅप्सूल, हळदीचा अर्क आणि कोरफडीचा रस. "अगं, आतड्याला बारीक भोकं पडतात म्हणे. मोबाइलवर सांगत होते. सगळं घेतेय, तरी जळजळ आहेच." मी डबे बाजूला सारले आणि विचारलं, "गुडघ्यासाठी काय घेतेस?" तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. अ‍ॅसिक्लोफेनॅक. वेदनाशामक. दोन वर्षं, जवळजवळ रोज, सकाळच्या चहाबरोबर, दुकानातून परस्पर आणलेली.

सहा डबे मिळून जे शिवायला बघत होते, ते ती एक गोळी रोज सकाळी उसवत होती.

इंदुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना अशा पिशव्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. म्हणून हा लेख पायऱ्यांनी लिहिते आहे. डब्यांची पाळी पाचव्या पायरीला येते, आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. मधल्या पायऱ्या गाळून थेट तिथे गेलात तर पैसे जातील आणि त्रास तसाच राहील.

अस्तर म्हणजे नेमकं काय

आपल्या पचनमार्गाचा आतला पृष्ठभाग पसरला तर ३० ते ४० चौरस मीटर भरतो, म्हणजे दोन खोल्यांच्या घराएवढा. आतड्यात या सगळ्यावर पेशींचा एकच थर असतो. एका बाजूला अन्न, पाचकरस आणि जंतू, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मध्ये एका पेशीची भिंत. ही भिंत दर तीन ते पाच दिवसांनी नवी होते. शेजारशेजारच्या पेशी प्रथिनांच्या बारीक टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात आणि त्यांच्यावर बुळबुळीत श्लेष्माचा लेप असतो. मोठ्या आतड्यात हा लेप दोन थरांचा असतो आणि आतल्या थरापर्यंत जंतू सहसा पोचत नाहीत.

एवढ्या वेगाने नवं होणाऱ्या कापडाला सूत भरपूर लागतं. लहान आतड्याच्या पेशी मुख्यतः ग्लुटामाइन या अमिनो आम्लावर चालतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेट. ते आपण खात नाही; आपण खाल्लेले तंतू जंतू आंबवतात तेव्हा ते तिथेच तयार होतं. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

'लीकी गट' या शब्दाबद्दल एकदाच सांगते. टाके सैल होऊन अस्तर जास्त झिरपू लागणं खरं आहे. सिलिअ‍ॅक आजार, क्रोन्स (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह), वेदनाशामकांचा मारा, जोराच्या जुलाबानंतरचे दिवस, या सगळ्यांत ते दिसतं. पण 'लीकी गट' नावाचं स्वतंत्र निदान वैद्यकशास्त्रात नाही. थकवा, केस गळणं, चेहऱ्यावरचे डाग, सांधे या सगळ्याचं खापर एकट्या आतड्यावर फोडून जो डबा विकला जातो, तो मी तुमच्या जागी असते तर घेतला नसता.

पायरी १: आधी डॉक्टर लागतो का ते पाहा

शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मळ, कारण नसताना घटलेलं वजन, गिळताना अडकणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा जुलाब, हिमोग्लोबिन कमी येणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास: यातलं एकही असेल तर पूरकं नंतर, पोटविकारतज्ज्ञ आधी.

त्रास साधा वाटत असला तरी दोन तपासण्यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. पहिली सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी, टीटीजी-आयजीए. माळवा गव्हाचा प्रदेश, इथे मराठी घरातही भाकरीपेक्षा पोळीच जास्त, शिवाय रविवारी दाल-बाफले. गव्हातल्या ग्लुटेनने ज्यांचं अस्तर खरंच झिजतं, त्यांना कोणत्याही पावडरीने गुण येणार नाही. त्यांना गहू, जव आणि त्यांच्या जातकुळीतलं सगळं बंद करावं लागतं. मात्र तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडलात तर अहवाल खोटा चांगला येतो.

दुसरी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची. जठराच्या व्रणामागे बहुतेक वेळा हा जंतू असतो हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवून दिलं. मार्शल यांनी तर त्यासाठी १९८४ साली जंतूंचं मिश्रण स्वतः पिऊन पाहिलं. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. हा जंतू असेल तर प्रतिजैविकांचा ठरावीक कोर्सच लागतो. श्वासाची किंवा मळाची चाचणी करायची असेल तर पित्ताची गोळी साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागते, ती डॉक्टरांना विचारूनच.

पायरी २: उसवणं थांबवा

मावशीचं उत्तर या पायरीवर होतं. अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गटातल्या गोळ्या जठर आणि आतडं दोन्हींच्या अस्तराला इजा करतात. सोबत पॅन्टोप्राझोल ही पित्ताची गोळी घेतली की पोट वाचतं असा समज घरोघरी आहे. तो अर्धाच खरा. ती गोळी जठरातलं आम्ल कमी करते, त्यामुळे जठराला आधार मिळतो. खालच्या लहान आतड्याला ते संरक्षण मिळत नाही. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, शेक, व्यायाम, वरून लावायचं जेल, यांपैकी काय चालेल ते अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी मात्र मनाने कधीही बंद करू नका.

पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनाही हेच सांगेन. ती एकदम सोडली तर आम्ल उसळून येतं आणि माणूस पुन्हा गोळीकडे धावतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. लांबच्या वापरात बी-१२ आणि मॅग्नेशियम घटू शकतं. शाकाहारी घरात बी-१२ आधीच जेमतेम असतं, तेव्हा वर्षातून एकदा तपासून घ्या.

दारू आणि तंबाखू यांबद्दल वेगळं सांगायला नको.

राहिलं रात्रीचं खाणं. सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचंच नाही असं इंदूरकराला कोण सांगणार, मीही सांगत नाही. पण एक गोष्ट समजून घ्या. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून खालपर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे झाडून नेते. आपल्या शहरात बाजार मिटल्यावर रात्री रस्ते झाडले जातात, तसंच हे. दुकानं उघडी असताना झाडू मारता येत नाही. सात वाजता शेव-परमल, दहाला जेवण, बाराला भुट्ट्याचा कीस आणि गराडू असं चाललं तर त्या लाटेला सवडच मिळत नाही. रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या चहापर्यंत बारा तास जाऊ द्या. आठवड्यातला एखादा दिवस सराफ्याचा, बाकीचे आतड्याचे.

पायरी ३: ताट

इथे मी थांबून बोलणार आहे, कारण पूरकांतला बराचसा भाग ताटातूनच येतो.

दोन हजार उष्मांकांच्या आहारात साधारण ३० ग्रॅम तंतू हवेत. पोहे-जलेबीचा नाश्ता, दुपारी दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, रात्री खिचडी, असं खाणारा त्याच्या निम्म्यालाही मुश्किलीने पोचतो. उपासाची साबूदाण्याची खिचडी तर जवळपास निव्वळ स्टार्च. तिच्यात तंतू येतात ते दाण्याच्या कुटाचे. म्हणून उपासाला राजगिऱ्याची भाकरी आणि भोपळ्याची भाजी हा चांगला पर्याय आहे.

ब्युटिरेट तयार व्हायला जंतूंना आंबवता येईल असं काहीतरी लागतं: डाळी, उसळी, कांदा, लसूण, ओट्स, कच्ची केळी, आणि शिजवून थंड केलेला भात किंवा बटाटा. थंड होताना त्यातल्या स्टार्चचा काही भाग असा घट्ट होतो की लहान आतड्यात पचत नाही आणि जंतूंपर्यंत पोचतो. फोडणी देण्यासाठी परत गरम केला तरी त्यातला बराच भाग टिकतो. म्हणजे आपला फोडणीचा भात आतड्याच्या कामाचा आहे. फक्त भात शिजल्यावर तासाभरात पसरून थंड करा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. मेच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरिअस वाढतो आणि त्याचं विष गरम केल्यानेही जात नाही.

दोन वेळा वाटीभर डाळ किंवा उसळ, सोबत दही-ताक, चालत असेल तर अंडं, एवढं ठेवलंत तर ग्लुटामाइनही अन्नातूनच येतं. जवसाची चटणी रोज चमचाभर. डाळ-कडधान्यांनी पोट फुगत असेल तर रात्रभर भिजवा, पाणी टाकून द्या, मूग आणि मसूरपासून सुरुवात करा आणि प्रमाण दोन-तीन आठवड्यांत वाढवा.

पायरी ४: वही

डबा उघडण्याआधी दोन आठवडे फक्त नोंदी ठेवा. रोज चार गोष्टी: पोटदुखी ० ते १० मध्ये किती, फुगणं ० ते १० मध्ये किती, शौच किती वेळा, आणि कसं. 'कसं' यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा. त्यात सात प्रकार आहेत. १ आणि २ म्हणजे कडक खडे, ३ आणि ४ चांगले, ६ आणि ७ पातळ. वही नसेल तर दोन महिन्यांनी 'बरं वाटतंय बहुतेक' एवढंच हाती उरतं, आणि तेवढ्यावर माणूस हजारो रुपये पुढे घालवत राहतो.

पायरी ५: एका वेळी एकच पूरक

मावशीने सहा एकदम सुरू केले होते. त्यातल्या एकाने गुण आला असता तरी कोणत्या ते कळलं नसतं, आणि एकाने त्रास झाला असता तरीही तेच. एक निवडा, चार ते आठ आठवडे घ्या, वहीत पाहा.

सुरुवात मी बहुतेकांना *इसबगोलाने* करायला लावते. हे आपल्या दाराशी पिकतं. नीमच-मंदसौरकडे त्याची शेती आहे आणि नीमचच्या मंडीत ते पोत्यांनी येतं. त्याची भुशी पाणी धरून मऊ जेल बनवते. त्यामुळे कडक मळ मऊ होतो आणि पातळ मळ बांधला जातो, दोन्ही बाजूंनी उपयोग. ते फारसं आंबत नाही, म्हणून गॅसही कमी होतो. पण त्यामुळेच ब्युटिरेटसाठी केवळ इसबगोलावर विसंबू नका, डाळी आणि उसळी चालूच ठेवा. पहिला आठवडा अर्धा चहाचा चमचा, मग एक, मग लागेल तर दोन. प्रत्येक चमच्यामागे पूर्ण पेलाभर पाणी, आणि ढवळल्या ढवळल्या पिऊन टाकायचं. कोरडी भुशी तोंडात टाकून वरून घोटभर पाणी पिणं धोक्याचं आहे, घशात फुगून अडकू शकते. थायरॉइड, मधुमेह किंवा इतर कोणत्याही गोळीपासून दोन तास अंतर ठेवा. गिळायला त्रास असेल किंवा आतड्यात अडथळा असेल तर घेऊ नका.

*ग्लुटामाइनचा* सर्वांत ठळक पुरावा एका विशिष्ट गटात आहे. जोराच्या संसर्गानंतर ज्यांना महिनोन्महिने पातळ शौचाचा इरिटेबल बॉवेलचा (आतडं चिडखोर होण्याचा) त्रास राहिला आणि ज्यांचं अस्तर तपासणीत जास्त झिरपताना दिसलं, अशांना ५ ग्रॅम दिवसातून तीनदा आठ आठवडे दिलं गेलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सुमारे १०० जण होते. ग्लुटामाइन घेणाऱ्यांपैकी जवळपास ८० टक्क्यांना ठळक फरक पडला, तुलनेसाठी ग्लुटामाइन नसलेली पावडर घेणाऱ्यांत ६ टक्क्यांना. आकडे मोठे आहेत, पण चाचणी एकच आणि गट नेमका. क्रोन्सच्या रुग्णांत असा फायदा दिसला नाही. आणि अतिदक्षता विभागातल्या, अनेक अवयव निकामी झालेल्या रुग्णांना मोठे डोस दिले तेव्हा मृत्यू वाढल्याचं २०१३ च्या चाचणीत दिसलं. म्हणून मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार, फिट येणं, कॅन्सरचे उपचार, यात डॉक्टरांच्या संमतीशिवाय नको. घ्यायचं ठरलं तर ५ ग्रॅम दिवसातून एकदा, साध्या पाण्यात, लगेच प्यायचं. आठवड्याने दिवसाचा दुसरा डोस वाढवा, मग तिसरा. डब्यातल्या चमच्यावर भरवसा ठेवू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून घ्या.

*झिंक* कमी असेल तर अस्तराची दुरुस्ती मंदावते. लहान मुलांच्या जुलाबात ओआरएससोबत १० ते १४ दिवस झिंक देण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटना २००४ पासून देते आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाला दिवसाला १७ मिलिग्रॅम आणि स्त्रीला १३ च्या आसपास झिंक धरलं आहे. पूरकाच्या वेष्टनावर फसगत होते ती इथे. 'झिंक सल्फेट ५५ मिग्रॅ' लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष झिंक, म्हणजे 'एलिमेंटल झिंक', सुमारे २० मिग्रॅच असतं. हा दुसरा आकडा वाचा. अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला ४० च्या वर जाऊ नका. महिनोन्महिने जास्त झिंक घेतलं की शरीरातलं तांबं घटतं, त्यातून रक्तक्षय आणि हातापायांना मुंग्या येऊ शकतात. जपानमध्ये झिंक आणि कार्नोसिन यांचं एकत्र संयुग जठराच्या व्रणासाठी औषध म्हणून वापरलं जातं. आपल्याकडे ते पूरक म्हणून मिळतं, हिशेब मात्र तोच, आत झिंक किती ते पाहायचं. जेवणानंतर घ्या, नाहीतर मळमळतं. लोह, कॅल्शियम आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकांपासून दोन-तीन तास दूर. आठ आठवडे पुरे.

*प्रोबायोटिकबद्दल* लोक मला सर्वांत जास्त विचारतात. 'चांगले जंतू' असा एकच प्रकार नसतो. वंश, जाती आणि त्यापुढे स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, असं तीन भागांचं नाव असतं, जसं लॅक्टोबॅसिलस ऱ्हाम्नोसस जीजी. शेवटचं अक्षर महत्त्वाचं, कारण चाचण्या त्या स्ट्रेनच्या झालेल्या असतात. वेष्टनावर स्ट्रेन नसेल तर तो डबा परत ठेवा. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली पुरावे तपासून बहुतेक पोटाच्या तक्रारींसाठी प्रोबायोटिकची शिफारस करायला नकार दिला, हेही माहीत असू द्या.

प्रतिजैविक चालू असताना होणारे जुलाब टाळायला मात्र सॅकॅरोमायसिस बुलार्डीचा उपयोग होतो. हे यीस्ट आहे, त्यामुळे प्रतिजैविक त्याला मारत नाही. आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ते इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींतून वेगळं केलं. कॉलऱ्याच्या साथीत तिथले लोक त्या सालींचा काढा पीत होते. आपल्या सालींच्या काढ्यांची आठवण यावी अशी ही गोष्ट. प्रतिजैविकासोबत सुरू करा आणि कोर्स संपल्यावर आठवड्याभरात थांबवा. महिनोन्महिने चालू ठेवण्याची घाई नको: इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या २०१८ च्या छोट्या अभ्यासात, प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांत मूळचे जंतू परतायला उलट जास्त वेळ लागला. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, शरीरात कॅथेटर असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी यीस्ट किंवा जंतू असलेलं काहीही स्वतःहून घेऊ नये. ते रक्तात उतरू शकतं.

बाकीचे डबे भराभर. *हळदीचा अर्क*, विशेषतः मिऱ्याच्या पायपेरिनसोबतचा, रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी भांडू शकतो आणि त्यातून यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद चालू ठेवा, कॅप्सूल मी सुचवत नाही. *कोलॅजेन* हे मुळात प्रथिन आहे, तेही प्राण्यांच्या कातडी-हाडांचं किंवा माशांचं. आतड्यासाठी त्याचा पुरावा तुटपुंजा. *कोरफडीच्या रसात* सालीखालचा पिवळा चीक आला असेल तर जुलाब होतात. *जेष्ठमध* घशाला बरं वाटतं, पण रोज चमचाभर पावडर घेतली तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी, गरोदर बायकांनी टाळा. *ड जीवनसत्त्वाची* ६०,००० युनिटची गोळी आठवड्याची असते, रोजची नव्हे, आणि रक्त तपासल्यावरच. *कोलोस्ट्रम*, म्हणजे गाईचा चीक, त्यावर थोडे अभ्यास आहेत. खरवस खाल्ला तर तेच मिळेल का, असं मला एका काकूंनी विचारलं होतं. नाही मिळत, वाफेवर त्यातली संरक्षक प्रथिनं बदलून जातात. खरवस खरवस म्हणून खावा.

पायरी ६: खरेदी

आर. एन. टी. मार्गावरच्या दवा बाजारात घेतलंत किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात, वेष्टन हातात घेऊन वाचा. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक हवा, आणि औषधी वापरासाठी नाही अशी सूचनाही. पूरक म्हणून परवाना असलेला डबा 'अल्सर बरा करतो' असं म्हणत असेल तर तो नियम मोडतो आहे. एका कॅप्सूलमध्ये प्रत्येक घटक किती, हे लिहिलेलं हवं. 'खास मिश्रण ५०० मिग्रॅ' एवढंच असेल तर आत काय किती ते कळायला मार्ग नाही. शाकाहाराचं हिरवं चिन्ह पाहा, कारण बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं. प्रोबायोटिकमध्ये जिवंत जंतूंची संख्या मुदत संपेपर्यंतची दिली आहे की फक्त बनवतानाची, ते बघा, आणि एप्रिल ते जूनमध्ये घरपोच मागवू नका. गाडीच्या डिकीत बेचाळीस अंशांत दिवस काढलेल्या कॅप्सूलमध्ये जिवंत काय उरणार? "भाभीजी, ये वाला बहुत चल रहा है" हे ऐकून काहीही घेऊ नका. चलती वेगळी, तुमची गरज वेगळी.

पायरी ७: थांबवून पाहणं

आठ आठवड्यांनी वही उघडा. आधीच्या दोन आठवड्यांचे आकडे आणि शेवटच्या दोन आठवड्यांचे आकडे शेजारी मांडा. फरक नसेल तर ते पूरक तुमच्यासाठी नाही, उरलेला डबा संपवायचा म्हणूनही घेऊ नका. फरक असेल तरी दोन आठवडे बंद करून पाहा. त्रास परतला नाही तर अस्तर आपलं काम करतंय. परतला तर पुन्हा सुरू करा, आणि कधीपर्यंत घ्यायचं ते डॉक्टरांसोबत ठरवा. फक्त इसबगोल मी या नियमातून वगळते. ज्यांना मानवतं त्यांनी खुशाल चालू ठेवावं.

मावशीच्या सहा डब्यांपैकी चार आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला काढले. अस्थिरोगतज्ज्ञांनी अ‍ॅसिक्लोफेनॅक बंद करून गुडघ्याचे व्यायाम आणि जेल दिलं. पायलोरीची चाचणी झाली, ती निगेटिव्ह आली. झिंक आठ आठवडे घेऊन थांबलं. ग्लुटामाइनच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत काहीच फरक नव्हता, म्हणून तेही गेलं. जळजळीचा आकडा सातवरून दोनवर आला होता, आणि त्यातली बरीचशी घसरण गोळी बंद केल्यानंतरच्या तीन आठवड्यांतली होती. आता तिच्या ओट्यावर इसबगोलाचं एक पाकीट असतं आणि फ्रिजवर ती वही.